निरोप आधी, व्हिसा नंतर

दिवाळी सरली आणि धानाच्या बांध्या पिवळ्या पडल्या की माझं बूड एका जागी टिकत नाही. कॉलेजात वर्गावर उभा असतो, मुलांना इतिहास शिकवत असतो, आणि खिडकीतून कापलेल्या धानाचा तो कोरडा, जरासा गोडसर वास आला की वाक्य अर्ध्यावर सुटतं. मुलांना वाटतं, सर विचारात पडले. सर विचारात वगैरे पडलेले नसतात. सरांना नुसतं उठून कुठेतरी जायचं असतं, आणि कुठे ते सरांनाही ठाऊक नसतं.

मग मी स्कूटर काढतो आणि गोंदियाबाहेर बिरसीच्या रस्त्याला लागतो. तिथे शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं घिरट्या घालत असतात. खाली बाया ओणव्या होऊन धान कापताहेत आणि वर एक विमान गिरकी घेतं, उतरल्यासारखं करतं, पुन्हा उठतं, पुन्हा तीच गिरकी. एवढा आवाज, एवढं इंधन, आणि शेवटी निघालं तिथेच उतरायचं. या विमानांबद्दल मला आपुलकी आहे. कार्तिकात माझं नेमकं असंच होतं.

ही खोड जुनी नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एका हंगामानं ती मला लावली. त्या हंगामात माझी पुतणी पल्लवी जर्मनीला निघाली होती, आणि निघत नव्हती.

आमचं गाव केशोरीच्या अलीकडे. मोठा भाऊ, म्हणजे दादा, तिथे शेती करतो. मी गोंदियात नोकरी करतो आणि रविवारी गावी जाऊन शेतीवर मतं देतो. पल्लवी दादाची एकुलती एक. नर्सिंग शिकली, गोंदियाच्या एका दवाखान्यात लागली, आणि रात्रपाळ्या करता करता मोबाइलवर जर्मन शिकली. परीक्षा पास झाली, तिकडच्या एका इस्पितळानं मुलाखत घेऊन हो म्हटलं, तेव्हा कुठे तिनं घरी सांगितलं. दादा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता.

"बाबूजी, मले जर्मनीत नोकरी भेटून राहिली."

दादानं विळ्याची धार अंगठ्यानं चाचपली. म्हणाला, "धान निघू दे, मंग पाहू."

परक्याला हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल. आमच्याकडे ती राज्यघटना आहे. लग्न, वाटणी, भावाभावातलं भांडण, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणतीही गोष्ट असो, ती धान निघाल्यावर. त्यात होकार नसतो, नकारही नसतो. धान घरात येईपर्यंत माणसाचं डोकं त्याचं स्वतःचं नसतं, एवढंच त्यात कबूल केलेलं असतं. पल्लवीही याच घरात वाढलेली. तिनं तिकडच्या इस्पितळात मुलाखत घेणाऱ्या बाईंना सरळ कळवलं की आमच्याकडे धान कापणी चालू आहे, रुजू व्हायची तारीख त्यानंतरची द्या. बाईंनी उलट विचारलं, कापणी नक्की कोणत्या तारखेला संपते? या प्रश्नावर घरातले सगळे बराच वेळ हसले. तारखेला संपणारी कापणी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. पण बाईंनी पुढची तारीख दिली, आणि दादाच्या मनात जर्मनीविषयी पहिल्यांदाच थोडा आदर निर्माण झाला.

पल्लवीनं गोंदियाची नोकरी सोडली, कागद दूतावासाकडे गेले, ती गावी येऊन व्हिसाची वाट पाहू लागली. इथवर सगळं ठीक होतं. मग मंडई आली.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, शिंगाडे, जिलेबी, दंडारीचा नाच, आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना पाहुणे भेटतात, चहा पिता पिता सोयरिकी जुळतात. वर्षातून हा एकच दिवस असा की गाव पूर्ण असतं. आमच्याकडे एक माजी सभापती आहेत. पद गेलं, पण 'साहेब' राहून गेलं. नाटकाच्या स्टेजवर, नाटक सुरू व्हायच्या आधी, पल्लवीचा निरोप समारंभ करायचा असं त्यांनी ठरवलं.

मी म्हणालो, "साहेब, व्हिसा यायचा आहे अजून."

"मास्तर, व्हिसा आज ना उद्या येऊनच राहिला. पण मंडप, माइक अन माणसं, हे तिन्ही एका दिवशी भेटतात का? तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? हिशेब बिनचूक होता. बाहेरच्या कुणी ही चूक केली असती तर मी तिला मूर्खपणा म्हटलं असतं. आमच्यासाठी ती व्यवस्थापनाची बाब होती.

बस थांब्यावर फ्लेक्स लागला. 'जर्मनी येथे प्रयाण करीत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्यावर सभापतीसाहेब पुरुषभर, त्यांच्या मागे शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, आणि खालच्या कोपऱ्यात पासपोर्टच्या आकारात पल्लवी. अनोळखी माणसाला वाटावं की साहेबच जर्मनीला चालले आहेत आणि ही मुलगी त्यांचं तिकीट काढून देणारी आहे.

संध्याकाळी स्टेजवर शाल, नारळ, भाषण. साहेब म्हणाले, ही कन्या सातासमुद्रापार निघाली आहे. इतिहासाच्या मास्तराला भूगोलही थोडा येतो, आणि गोंदिया ते जर्मनीच्या वाटेत मला सात समुद्र काही केल्या सापडेनात. साहेब म्हणाले, आपल्या मातीचा सुगंध परदेशी दरवळणार आहे. पल्लवी माझ्याकडे वाकून पुटपुटली, "काकाजी, तिकडे मले म्हाताऱ्यायचे डायपर बदलाचे आहेत."

"हळू बोल. ऐकतील त त्यावरही बोलतील."

तिनं हसू शालीच्या टोकात दाबलं. लोकांना वाटलं रडते आहे. टाळ्या पडल्या.

दादा स्टेजवर आला नाही. तो मागे शिंगाडेवालीच्या पाटीपाशी उकिडवा बसला होता आणि सगळं भाषणभर शिंगाडे सोलत होता. खात मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायांनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. म्हाताऱ्यांनी बोटं मोडली, लहानांनी पाया पडून घेतलं. गावानं पल्लवीला रीतसर वाटेला लावलं. आणि व्हिसा आला नाही.

आठवडा गेला, दुसरा गेला. हलक्या, लवकर पिकणाऱ्या जातीचं धान कापून झालं, भारी धान उभं होतं. दूतावासाकडून एकच उत्तर, प्रक्रिया सुरू आहे. ते पाहायला पल्लवी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायची, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळते. त्यामुळे ती पाळीवर का उभी आहे हे सगळ्या गावाला कळायचं, आणि मान खाली घालून परत आली की काय झालं तेही.

"का व, जर्मनी रद्द झाली का?" किराणा दुकानदार विचारायचा. जणू जर्मनी म्हणजे मोरगावची बस.

शेजारची सखूआत्या त्याहून पुढची. "काऊन व बाई, शाल वापस द्या लागते का आता?"

"देतो ना आत्या. नारळही देतो. फक्त त्याची चटणी झाली."

असं हसून परतवायला पल्लवी पटाईत होती. पण असं दिवसातून किती वेळा परतवायचं? हळूहळू तिनं बाजाराच्या रस्त्यानं जाणं सोडलं. पाळीवर म्हशी चरत, त्यांच्याशी ती जर्मनमध्ये बोलायची. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, रात्री झोप लागली का. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "सराव करून राहिली. म्हैस व्याकरणाच्या चुका नाही काढत."

बाहेरच्या टोमण्यांपेक्षा घरातली माया जड होती. वहिनीचं म्हणणं, एकदा ओटी भरून वाटेला लावलेली पोरगी घरात पाहुणी असते. तिला काम सांगितलं तर वाट अडते. म्हणून पल्लवीला आंघोळीचं पाणी सगळ्यात आधी, ताट सगळ्यात आधी, आणि हाताला काम काहीच नाही. झाडू हातात घेतला की वहिनी हिसकावून घ्यायची. घरातले सगळे पहाटे शेतावर जायचे आणि ही आपल्याच घरात पाहुणीसारखी पाटावर बसून राहायची. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे पांगळा माणूसही दोरी वळतो. अशा घरात रिकामं बसणं ही शिक्षाच आहे, आणि ती लाडानं दिली की तक्रारही करता येत नाही.

एका रविवारी पाळीवर बसून ती म्हणाली, "काकाजी, इथलं माहं नाव कटलं. तिथं अजून लिवलं नाही."

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायची हौस आली. माझ्या पेशाचा रोगच आहे तो. मी म्हणालो, आपण तरी कुठले इथले? हे तलाव बांधणारे आपले पूर्वज काशीकडून आले म्हणतात. कुण्या गोंड राजानं बोलावलं, कुदळ-फावडी घेऊन निघाले, जंगलात पाणी अडवलं आणि इथलेच झाले. आता त्यांचीच नातवंडं छाती काढून सांगतात, आमच्या सात पिढ्यांनी गाव सोडलं नाही. सोडलं नसतं तर तलाव गंगेत बांधले असते का?

पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यायले व्हिसा लागला होता का?"

तलावात रानबदकं उतरली होती. दर हिवाळ्यात कुठून कुठून येतात. त्यांच्यावर काहीतरी सुंदर बोलावं असं मला वाटलं आणि मी ते टाळलं. पक्ष्यांना परतीचं ठाऊक असतं. माणसांवर ती उपमा फार वेळा चिकटवून झाली आहे.

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. कापून बांधलेल्या धानाची गंजी, आमच्याकडे तिला पुंजणं म्हणतात, शेतात उघडी होती. ताडपत्री पुरेना. दादा बस थांब्यावर गेला आणि फ्लेक्स सोडवून घेऊन आला. सभापतीसाहेब शुभेच्छुकांसकट पुंजण्यावर आडवे झाले, तोंड आभाळाकडे करून. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मोटरसायकलनं शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून चालले होते. थांबले, स्वतःला पाहिलं, आणि काय बोलावं ते त्यांना सुचेना. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होतो.

दादा हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही होते म्हणून धान वाचलं."

हे तो टोमणा म्हणून बोलला की मनापासून, मला आजही सांगता येणार नाही. साहेबांनी मात्र मान डोलावली. त्या मानेला डोलण्याची सवय होती.

आभाळ निवळल्यावर भारी धानाची कापणी सुरू झाली. मजूर मिळत नव्हते. दादा, वहिनी आणि दोन बाया, एवढेच. पल्लवी धुऱ्यावर उभी. मीही उभा होतो, पण मला कुणी काम सांगत नाही याची कारणं वेगळी आहेत. दादा कापता कापता धुऱ्यापाशी आला आणि वर न पाहता त्यानं विळा पल्लवीसमोर धरला.

वहिनी तिकडून ओरडली, "अवो, पाहुणी आहे ना ते! तिची वाट अडवता का?"

"पाहुणी असंल त घरी बसव अन जेवाले वाढ," दादा म्हणाला. "पोरगी असंल त धान काप म्हणा तिले."

पल्लवीनं चप्पल काढली आणि बांधीत उतरली. दुपारपर्यंत तिनं मान वर केली नाही. कापलेल्या धानाच्या कडपा तिच्यामागे सरळ ओळीत पडत गेल्या. एकदा बोट कापलं, तेव्हा तिनं ओढणीची चिंधी अशा सफाईनं गुंडाळली की बायांचं तिच्या जर्मनीला जाण्याबद्दल पहिल्यांदाच एकमत झालं. पाणी प्यायला आली तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि डोळे अनेक दिवसांत पहिल्यांदा शांत होते. मला म्हणाली, "एक सांगू काकाजी? व्हिसा आला नाही, त मी या गावात राहू शकत नाही. गावानं मले सोडून टाकलं. अन आला, त जाचे पाय होतील का, तेही मालूम नाही. बाबूजी काहीच बोलत नाहीत. हो नाही, नको नाही."

"धान निघू दे म्हणाला ना."

"धान त निघून राहिलं."

मी दादाकडे पाहिलं. तो पाठमोरा होता, आणि मला वाटलं की तो जरा हळू कापतो आहे.

आता हे लिहिताना पुन्हा तेच दिवस आहेत. हार्वेस्टर आलेत, धान एका दुपारी पोत्यात जातं. पण 'धान निघू दे' मात्र अजून तेवढंच लांब आहे. पल्लवी तिकडे एका लहान गावातल्या इस्पितळात आहे. फोनवर सांगते, इकडचं शेत कापलं तरी वास येत नाही. म्हाताऱ्या रुग्ण तिला तिच्या गावाचं नाव विचारतात, ती सांगते, त्या म्हणायचा प्रयत्न करतात, आणि मग सगळ्याच हसतात. तिचा करार या हिवाळ्यात संपतो आहे. राहायचं की यायचं, ती ठरवते आहे. मी मत दिलेलं नाही. हळूहळू शिकतोय.

यंदाच्या मंडईत पुन्हा फ्लेक्स होता. एकजण कॅनडाला शिकायला निघालाय, देवरीकडची एक मुलगी जपानला वृद्धांची सेवा करायला. मी दोघांना बाजूला घेऊन आधी एकच विचारलं, "व्हिसा आला का?" पोरं हसली. त्यांना वाटलं सर विनोद करताहेत.

त्या वर्षी व्हिसा आला तो मार्गशीर्षात. सगळं धान घरात येऊन पडलं होतं. शिक्का बसलेला पासपोर्ट पल्लवीनं आणला आणि घरात कुणी ओरडलंसुद्धा नाही. गावाला सांगायचं कसं? गावाकडे तिच्यासाठीचा निरोप शिल्लकच नव्हता. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. निघायच्या सकाळी वहिनी कुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी राहिली. दोनदा ओटी भरतात की नाही हे तिला ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं कुणी राहिलं नव्हतं. शेवटी कोयरी तशीच उंबऱ्यावर ठेवून तिनं पल्लवीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. किती वेळ धरला ते मी पाहिलं नाही. माझी नजर दुसरीकडे होती.

सखूआत्या कचरा टाकायला बाहेर आली. बॅग पाहून म्हणाली, "कुठी चालली व?"

"गोंदियाले, आत्या."

"ये मंग लवकर," आत्या म्हणाली आणि आत गेली.

मी पल्लवीला गोंदियापर्यंत सोबत करणार होतो. तिची एक मैत्रीण नागपूरला मुंबईच्या गाडीत चढणार होती. दादा सकाळीच खळ्यावर गेला होता. आम्ही थांब्यावर पोचलो तर तो तिथे उभा. अंगात तीच कामाची बंडी, खांद्यावर दुपट्टा, केसांत धानाचा भुसा. एसटी आली. त्यानं बॅग उचलून आत नेली, आणि उतरायच्या ऐवजी पल्लवीशेजारी बसला.

कंडक्टर बाई आल्या. "कुठं?"

मी दोन गोंदिया सांगितले. दादा म्हणाला, "मले नवेगावबांध."

मला वाटलं, तिथं काही काम असेल. नवेगावबांध आलं, लोक चढले-उतरले. दादा खिडकीबाहेर पाहत बसून राहिला. गाडी सुटल्यावर म्हणाला, "बाई, कोहमारा द्या."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. तिची बॅग दादाच्या मांडीवर होती आणि त्यावर त्यानं दोन्ही हात ठेवले होते. कोहमारा गेलं. "गोरेगाव द्या." गोरेगाव गेलं. तोवर मागच्या सीटवरचे दोन-तीन जण या खेळात रमले होते.

कंडक्टर बाई वैतागल्या. "काकाजी, गोंदियालेच जाचं होतं त अगुदर नाही का सांगाचं? दर वेळी मशीन खोला लागते मले."

"मले का मालूम, बाई," दादा म्हणाला. "एवढ्या दूर जाईन म्हणून मी निघालोच नव्हतो."

सगळी बस हसली. दादाही थोडं हसला. पल्लवी हसता हसता खिडकीकडे वळली आणि पुढचा सगळा रस्ता तिकडेच पाहत राहिली.

मुंबईची गाडी गोंदियातूनच सुटते, त्यामुळे ती फलाटावर बराच वेळ उभी असते. पल्लवी खिडकीत बसली. दादा खिडकीच्या गजाला धरून बाहेर. काय बोलायचं याचा आमच्या घरात कुणालाच अभ्यास नाही. दादानं विचारलं, पाणी घेतलं का? घेतलं. डबा? आहे. स्वेटर? आहे बाबूजी. मग विचारायचं संपलं. तो गजावरचा गंज नखानं खरवडत राहिला.

सिग्नल व्हायला अवकाश होता. दादा माझ्याकडे वळला.

"याच्यापुढं कोणतं टेसन लागते?"

"तिरोडा."

त्यानं दुपट्टा झटकला आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालायला लागला. वहिनी घरी एकटी होती, खळ्यावरचा पेंढा झाकायचा होता, परतीची शेवटची एसटी गाठायची होती. हे सगळं त्याला सांगायला मी तोंड उघडलं.

"दादा," मी ओरडलो, "दोन काढजो!"